सहाण आणि सूक्ष्मदर्शक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मराठीत 'मुरूम' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक रस्त्यावर पसरायचा मुरूम, खडबडीत, तांबूस, पायाला टोचणारा. दुसरा चेहऱ्यावरचा. या दोन शब्दांचं मूळ एकच आहे का, ते भाषेच्या अभ्यासकांनी सांगावं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आरशात पाहून त्यांचं नातं वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आज मी बोलणार आहे तो या दुसऱ्या मुरमाबद्दल. इतक्या किरकोळ गोष्टीला कसला आलाय इतिहास, असं कुणालाही वाटेल. पण गेली दोन हजार वर्षं वैद्य, डॉक्टर, साबणवाले, आई-आजी आणि शेवटी न्यायालयंसुद्धा या फोडांच्या मागे लागलेली आहेत. आणि या सगळ्यांत त्या मुलाच्या वाट्याला औषधाइतकाच दोषही आला आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'क्षुद्ररोग' नावाचा एक अध्याय आहे. क्षुद्र म्हणजे लहानसहान. अशा चव्वेचाळीस रोगांत सुश्रुतानं 'मुखदूषिका' सांगितली आहे, म्हणजे चेहऱ्याला बिघडवणारी. तिलाच यौवनपिडका, तारुण्यपिटिका अशीही नावं आहेत. या फोडांना त्यानं उपमा दिली आहे शाल्मलीच्या काट्यांची. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेलं हे झाड सह्याद्रीच्या उतारावर पुष्कळांनी पाहिलं असेल. त्याच्या कोवळ्या खोडावरचे काटे गुलाबासारखे बारीक नसतात. बुंध्याशी जाड, टोकाशी निमुळते, शंकूसारखे असतात. ज्यानं ही उपमा योजली त्यानं झाडही नीट पाहिलं होतं आणि रोगीही.

सुश्रुत कारण सांगतो ते कफ, वायू आणि रक्त यांच्या बिघाडाचं. आजच्या शरीरशास्त्राशी ते जुळवण्याचा अट्टहास मी करणार नाही. मला लक्षणीय वाटतं ते वेगळंच. हे तरुणांना होतं, एवढंच तो म्हणतो. त्यांनी काय पाप केलं, काय विचार केले, तोंड धुतलं की नाही, याची चौकशी तो करत नाही. उपचारात आधी वमन आणि मग वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरानं लोध्र, धने आणि वेखंड असा सुटसुटीत लेप दिला. काही ग्रंथांत तर काटेसावरीचे काटेच दुधात वाटून लावायला सांगितले आहेत. काट्यानं काटा काढायचा प्रकार!

हीच परंपरा थोडी पातळ होऊन आपल्या घरांतल्या सहाणेवर आली. सहाणेवर उगाळलेलं जायफळ, आंबेहळद, चंदन, दुधात कालवलेलं मसुराच्या डाळीचं पीठ, दिवाळीचं उटणं. यातलं काय उपयोगी आणि काय नुसतं सुवासिक, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. पण या उपायांत एक शहाणपण होतं: ते थोडे होते, सौम्य होते आणि सावकाश होते. उगाळायलाच दहा मिनिटं लागत. दर तासाला नवं काही फासायची सोय त्यात नव्हती.

युरोपात या रोगाला 'ॲक्ने' हे नाव पडलं त्याची गंमतच आहे. सहाव्या शतकातला ग्रीक वैद्य एटिअस यानं या फोडांची नोंद केली. मूळ शब्द 'अकमे', म्हणजे शिखर, वयाचा ऐन बहर; नकलनविसाच्या हातून एक अक्षर बदललं आणि 'ॲक्ने' झालं, अशी कथा प्रचलित आहे. ती खरी असेल तर आपली 'यौवनपिडका' आणि ग्रीकांचा 'अकमे' यांच्या मनात एकच गोष्ट होती म्हणायची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट विलननं आणि त्याच्या शिष्यानं, थॉमस बेटमननं, त्वचारोगांची पद्धतशीर वर्गवारी केली. बेटमनचं पुस्तक १८१३ मध्ये आलं. काळ्या ठिपक्यांचे, साधे, कठीण गाठीचे असे या फोडांचे प्रकार पडले.

वर्गवारी झाली, पण त्याच शतकात दुसरंही एक घडलं. फोडांचा संबंध मुलांच्या एकांतातल्या सवयींशी जोडला गेला, आणि मोठमोठी वैद्यकीय पुस्तकं ते गंभीरपणे छापू लागली. मुलाचा चेहरा ही त्याच्या चारित्र्याची जाहीर पाटी झाली. आपल्याकडे हे इतक्या उघडपणे कुणी बोललं नाही, पण 'लग्न झालं की जातील' हे वाक्य घरोघरी ऐकू येत असे. ऐकणाऱ्या मुलीला ते दिलाशासारखं वाटलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. वय वाढेल तशी बहुतेकांची मुरुमं कमी होतात हे खरं. पण त्याचं श्रेय मंगलाष्टकांना नाही.

मग सूक्ष्मदर्शक आला. १८९६ मध्ये जर्मनीच्या पाऊल उन्ना यानं मुरमांमध्ये जंतू पाहिले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या रेमाँ साबुरो यानं ते वेगळे काढून वाढवले. चोर सापडला, असा समज होणं साहजिक होतं. पण हा जंतू जवळजवळ प्रत्येक माणसाच्या त्वचेवर राहतो, नितळ चेहऱ्याच्या माणसाच्याही. २०१६ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव बदलून 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' झालं. तो घरातलाच आहे. तेल साचलं, छिद्र बुजलं की तिथे माजतो, एवढंच.

तेल का साचतं, याचं उत्तर १९४१ मध्ये अमेरिकेच्या जेम्स हॅमिल्टननं नेमकेपणानं दिलं. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशा पुरुषांना मुरुमं येत नव्हती. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की काहींना ती आली. म्हणजे वयात येताना शरीरात वाढणारी संप्रेरकं, त्यांनी चेतवलेल्या त्वचेतल्या तैलग्रंथी, छिद्राच्या तोंडाशी चिकटून राहणाऱ्या मृत पेशी, आणि शेवटी जंतू व दाह. असा हा चार पायांचा कारभार. यात अस्वच्छतेचं नाव कुठेच नाही. काळ्या ठिपक्याचा काळेपणाही मळाचा नसतो; त्वचेतल्याच रंगद्रव्याचा असतो. घासून तो निघत नाही, निघते ती कातडी. 'तोंड नीट धुत नाहीस' ही आपली आवडती फिर्याद त्या मुलावर निष्कारण दाखल झालेली असते.

श्रोतेहो, इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण विसाव्या शतकात या साध्या फोडांवर केलेले काही उपाय रोगापेक्षा भयंकर होते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञ ते मुरमांवर सोडू लागले. तैलग्रंथी आक्रसत, फोड कमी होत, लोक खूश होत. पाश्चात्त्य देशांत पन्नाशीच्या दशकापर्यंत हे सर्रास चाललं. वीस-तीस वर्षांनी त्यातल्या काहींना गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा, काहींना त्वचेचा कर्करोग झाल्याचं दिसू लागलं. ज्या मुलांना दोन-चार वर्षांत आपोआपही बरं वाटलं असतं, त्यांनी आयुष्यभराची जोखीम घेतली होती, आणि तीही न सांगता दिलेली.

दुसरी कहाणी फिलाडेल्फियाची. तिथल्या होम्सबर्ग तुरुंगात डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात कैद्यांवर नाना प्रयोग केले. कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय. हातात थोडे डॉलर पडत, कशावर सही केली याची पुरती कल्पना नसे. पहिल्यांदा तुरुंगात शिरलो तेव्हा समोर मला एकरच्या एकर कातडी दिसली, असं क्लिगमननी एका वार्ताहराला सांगितलं होतं. शेतकऱ्याला नांगरायला मोकळी जमीन दिसावी तशी! आणि याच माणसाच्या कामातून अ जीवनसत्त्वापासून बनलेलं ट्रेटिनॉइन हे मुरमांवरचं औषध आलं. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आजही ते उत्तम औषधांपैकी एक मानलं जातं. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहरानं या प्रयोगांबद्दल जाहीर माफी मागितली. तोवर त्या कैद्यांपैकी बरेच जण माफी ऐकायला उरले नव्हते. औषधाच्या ट्यूबवर यातलं काही छापलेलं नसतं.

'चॉकलेट खाल्ल्यानं मुरुमं येत नाहीत' हे वाक्यही त्याच गटाकडून आलं. १९६९ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात ६५ जण होते, त्यातले ३५ तुरुंगातले. निम्म्यांना भरपूर चॉकलेट असलेली वडी, निम्म्यांना चॉकलेट नसलेली, चार आठवडे, मग अदलाबदल. फरक पडला नाही. पण ती दुसरी वडी साखर आणि वनस्पती तुपानंच भरलेली होती, आणि प्रयोगाला साहाय्य चॉकलेट बनवणाऱ्यांच्या संघटनेचं होतं. म्हणजे सिद्ध काय झालं? फार तर एवढंच, की गोड-तेलकट वडीत कोको असो वा नसो, परिणाम सारखाच. तरी पुढची तीस वर्षं डॉक्टर मंडळी 'खाण्याचा काही संबंध नाही' असं ठासून सांगत राहिली, आणि आई-आजी 'तळकट खाऊ नकोस' असं तितक्याच ठासून.

हा निकाल २००२ मध्ये डळमळला. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या १२०० लोकांची आणि पराग्वेतल्या आचे जमातीच्या ११५ जणांची तपासणी झाली होती. त्यांत एकालाही मुरुमं आढळली नाहीत. पंधरा ते पंचवीस वयाची तीनशे माणसं एकट्या किटावात होती! त्यांचं खाणं म्हणजे अळकुडीसारखे कंद, रताळी, फळं, मासे आणि खोबरं. कोकणी माणसाला ओळखीचा वाटेल असा हा मेनू. मैदा, साखर, पॅकबंद पदार्थ जवळपास नाहीत. अर्थात रक्त-वंशाचा भागही त्यात असणार. मग २००७ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी पंधरा ते पंचवीस वयाच्या ४३ मुलांना दोन गटांत विभागून बारा आठवडे आहार दिला. रक्तातली साखर झटकन न वाढवणारं अन्न खाणाऱ्यांचे फोड दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. त्यांचं वजनही घटलं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं हा प्रश्न उरलाच. दुधाबद्दल, विशेषतः साय काढलेल्या दुधाबद्दल आणि व्यायामशाळांतल्या व्हे प्रोटीनच्या पावडरीबद्दलही संशय आहे. पण तो संशयच. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये मार्गदर्शिका काढली, तीत आहार आणि वनस्पतिजन्य उपाय या दोन्हींविषयी शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. माझं मत विचाराल तर बिस्किटं, कोल्ड्रिंक आणि मैद्याचे पदार्थ कमी करून ज्वारीची भाकरी, उसळी आणि भाज्या खाण्यानं कुणाचं नुकसान झालेलं नाही. मुरुमं गेली नाहीत तरी जेवण तर चांगलं झालं.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येऊ. या शब्दाभोवती आपल्याकडे मोठी बाजारपेठ उभी आहे, आणि तिचा एक धागा परळमधून निघतो. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये विको कंपनी सुरू केली. सत्तरच्या दशकात त्यांच्याच घराण्यानं हळद आणि चंदनतेलाचं क्रीम आणलं. ही जाहिरात गुणगुणली नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणं कठीण. हे क्रीम सौंदर्यप्रसाधन नाही, असं त्या जाहिरातीत बजावलेलं असे. तो नुसता यमकाचा खेळ नव्हता. प्रसाधन ठरलं तर अबकारी कर जास्त, आयुर्वेदिक औषध ठरलं तर कमी! कर खात्याशी हा वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूनं निकाल लागला. हळद औषध की प्रसाधन, या प्रश्नावर इतका कागद खर्ची पडला असेल हे आजीला सांगितलं असतं तर ती हसली असती.

हळदीची दुसरी लढाई अमेरिकेत झाली. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. सीएसआयआरनं, तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून ठेवले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, आणि या विजयाचा महाराष्ट्रात आणि गोव्यात केवढा अभिमान वाटला होता ते अनेकांना आठवत असेल. पण एक बारीक गोष्ट त्या अभिमानात निसटली. हळद आमची, हे त्या खटल्यानं सिद्ध झालं. हळदीनं मुरुमं बरी होतात, हे नाही. तो प्रश्न तिथे नव्हताच.

असा प्रश्न नीट विचारून पाहिला गेल्याचं एक जुनं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथल्या टी ट्री झाडाची पानं बुंजालुंग आदिवासी औषधाला वापरत. १९९० मध्ये सिडनीच्या डॉक्टरांनी १२४ रुग्णांवर या झाडाचं ५ टक्के तेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हे प्रचलित औषध यांची तुलना केली. दोन्हींनी गुण आला. तेलानं सावकाश, पण त्रास कमी झाला. हेच तेल पातळ न करता थेट लावलं तर कातडी भाजते, हेही तितकंच खरं. उलट सॅलिसिलिक आम्लाचं कूळ विलो झाडाच्या सालीपर्यंत पोचतं, आणि ॲझेलेइक आम्ल गहू, सातू यांत असतं. ट्यूबमध्ये गेली की आपण त्यांना 'केमिकल' म्हणतो. लिंबू मात्र झाडावरचं म्हणून पवित्र! १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की त्वचेवर सौम्य आम्लाचं एक संरक्षक आवरण असतं. लिंबाचा रस त्याहून कितीतरी तीव्र आम्ल, आणि अंगाचा साबण किंवा खायचा सोडा अल्कली. दोन्हींनी ते आवरण बिघडतं. डाळीच्या पिठाची परंपरा साबणापेक्षा सौम्य होती, पण भरड पीठ फोडावर खसाखसा चोळलं तर तेही दाह वाढवतंच.

आणि केसांचं तेल. १९७० मध्ये प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनीच दाखवलं, की केसांना तेलकट पोमेड लावणाऱ्यांच्या कपाळावर आणि कानशिलांवर खास प्रकारची मुरुमं येतात. आपल्याकडे चपचपीत तेल लावून, ते कपाळावर ओघळू देऊन, उशीला पुसत झोपायची रीत आहे. तेल सोडा असं कुणा मराठी माणसाला सांगायची माझी हिंमत नाही. पण न्हायच्या आधी तासभर लावा, कपाळ पुसून घ्या आणि उशीचा अभ्रा बदला, इतकं सांगता येतं. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश आणि साधं पाणी, घाम आल्यावर एकदा जास्त, फोड न फोडणं, कारण आपल्या वर्णावर काळा डाग महिनोन् महिने राहतो, तेलरहित मॉइश्चरायझर, आणि कुठल्याही उपायाला सहा ते आठ आठवडे देणं. आठवड्याला उपाय बदलणाऱ्याला कशानंच गुण येत नाही.

गाठी खोलवर असतील, दुखत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर मात्र सहाण बाजूला ठेवावी आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. हे खड्डे पुढे भरून निघत नाहीत, आणि वाट पाहण्याची किंमत ते मूल देतं. अशा मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन हे औषध १९८२ पासून आहे. अतिशय गुणकारी, पण गर्भात गंभीर व्यंगं निर्माण करणारं. त्यामुळे ते स्त्रियांना देताना गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था करावी लागते. मैत्रिणीच्या गोळ्या उसन्या घेण्याचं हे औषध नव्हे.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जाणाऱ्या मिश्र मलमांची. त्यात स्टिरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो. म्हणून लग्न ठरलेल्या मुली ते महिनोन् महिने लावतात. मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, ऊन सहन होत नाही, आणि मलम थांबवताच आधीपेक्षा जास्त फोड उसळतात. म्हणून पुन्हा तेच मलम. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध अनेक वर्षं मोहीम चालवली, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करणाऱ्या परिशिष्टात घातली. तुमच्या घरात अशी एखादी अर्धी पिळलेली ट्यूब असेल, तर तिच्यावरची बारीक अक्षरं आज वाचून पाहा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ती एकाएकी बंद करू नका. ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.